ठाण्याची पायरी चढताना वकिलाचा हक्क विसरू नका

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे जुनी माणसं सांगतात. पण पोलीस ठाण्याची पायरी कोणी हौसेने चढत नाही. बांधावरून भांडण होतं, विहिरीवरची मोटर चोरीला जाते, ऊस पेटतो, कुणाच्या तरी शेतात कुणाला तरी शॉक लागतो, आणि बीट अंमलदाराचा निरोप येतो : "उद्या सकाळी ठाण्यात येऊन जा, थोडी चौकशी आहे." माणूस डोक्याला टोपी घालतो आणि निघतो. कागद नाही, नोटीस नाही, सोबत कोणी नाही. चौकशी थोडी की फार, हे त्याला तिथे गेल्यावर कळतं.

शेतकरी मेळाव्याला आम्ही जातो ते बियाणं, खतं, फवारणी सांगायला. पण कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी कोणीतरी हळूच विचारतो, "साहेब, पोलिसांनी बोलावलं तर वकील नेता येतो का हो?" प्रश्न आमच्या खात्याचा नाही. पण विचारणारा शेतकरी आमचाच आहे, म्हणून नीट माहिती घेऊन हा लेख लिहिला आहे.

थोडक्यात उत्तर असं : अटक झालेल्या माणसाला चौकशी चालू असताना आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. हा हक्क पूर्ण नाही, अर्धामुर्धा आहे. पण तो मागितला तरच पदरात पडतो, आणि पहिल्या काही तासांत मागितला तरच त्याचा उपयोग होतो.

आधी ओळखा : साक्षीदार, संशयित की अटक?

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलमांचे आकडे बदलले, हक्क बहुतेक तेच राहिले. ठाण्यात बोलावलेला माणूस तीनपैकी एका प्रकारात मोडतो.

पहिला प्रकार साक्षीदाराचा. कलम १७९ प्रमाणे पोलीस साक्षीदाराला बोलावू शकतात, पण लेखी आदेशाने. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुलं, ६० वर्षांवरील माणसं, अपंग आणि गंभीर आजारी यांना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. त्यांची विचारपूस राहत्या घरीच करायची असते. स्वतःहून यायला तयार असतील तर गोष्ट वेगळी.

दुसरा प्रकार संशयिताचा. अटकेची गरज नाही असं पोलिसांना वाटलं, तर कलम ३५(३) प्रमाणे ते हजर राहण्याची नोटीस देतात. नोटीस पाळली तर त्या गुन्ह्यात सहसा अटक होत नाही. करायची झाल्यास पोलिसांना कारण लिहून ठेवावं लागतं. नोटीस पाळली नाही तर मात्र अटक होऊ शकते, म्हणून ती चुलीत घालू नये. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावलं. जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयाने सांगितलं की ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालणार नाही. म्हणजे फोनवरचा निरोप ही नोटीस नव्हे. नम्रपणे म्हणावं, "साहेब, येतो, पण नोटीस द्या."

तिसरा प्रकार अटक झालेल्याचा. वकिलाचा हक्क कायद्याने स्पष्ट लिहून दिला आहे तो याच माणसाला.

गावात खरी गोची होते ती चौथ्या, कायद्यात नसलेल्या प्रकारात. माणूस साक्षीदार म्हणून नोंदलेला नाही, त्याच्या नावे नोटीस नाही, अटकही दाखवलेली नाही. तो फक्त "चौकशीला बसवलेला" आहे. समजा, एका रात्रीत चार विहिरींवरच्या मोटरींची केबल गेली. संशय सालगड्यावर. मालक म्हणतो, "जा बाबा, सांगून ये काय ते." सालगडी जातो. सकाळची दुपार होते, दुपारची रात्र. ठाण्याच्या दप्तरी तो कुठेच नाही. मारहाण, धमकी आणि "कबूल कर, लगेच सोडतो" हा सौदा याच वेळेत होतो. म्हणून घरच्यांनी विचारायचा पहिला प्रश्न हा : "याला अटक केली आहे का? असेल तर अटकेचा पंचनामा दाखवा. नसेल तर घरी नेतो."

कायदा नेमकं काय देतो

राज्यघटनेचं कलम २२ सांगतं : अटक केलेल्याला अटकेचं कारण शक्य तितक्या लवकर सांगितलं पाहिजे, आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क त्याला नाकारता येणार नाही. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलंच पाहिजे. कलम २०(३) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येणार नाही.

१८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेबाबत अकरा आदेश दिले. त्यातला एक असा, की अटक केलेल्याला चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटू द्यावं, मात्र पूर्ण चौकशीभर नाही. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन २०१० मध्ये हेच कलम ४१-डी म्हणून लागू झालं. आज ते नव्या संहितेत कलम ३८ आहे.

"पूर्ण चौकशीभर नाही" या तीन शब्दांत हक्काची मर्यादा आहे. वकील शेजारी खुर्ची टाकून प्रत्येक प्रश्नाला आडवा येईल, असं आपल्याकडे नाही. तो मध्ये भेटू शकतो, बोलू शकतो, सल्ला देऊ शकतो. काही प्रकरणांत न्यायालयाने वकिलाला दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसायची परवानगी दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाचा असा एक आदेश २०११ चा आहे. अशी परवानगी न्यायालयाकडून मागून घ्यावी लागते.

नोटिशीवर बोलावलेल्या संशयिताचं काय? त्याच्यासाठी कलम ३८ सारखं वेगळं कलम नाही. पण जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यायला आणि वकिलाला ठाण्यापर्यंत सोबत न्यायला कोणताही कायदा आडवा येत नाही. नोटीस हातात पडली की पहिली खेप तालुक्याच्या वकिलाकडे, दुसरी ठाण्यात, असा क्रम ठेवावा.

ज्या प्रश्नाने आपण अडकू, त्याचं उत्तर

या विषयातला पायाभूत निकाल एका माजी मुख्यमंत्र्यांच्या प्रकरणात लागला. १९७७ मध्ये ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना भ्रष्टाचाराच्या तपासात कटकच्या ठाण्यात बोलावून लेखी प्रश्नांची यादी दिली गेली. त्यांनी उत्तरं द्यायचं नाकारलं. उत्तर दिलं नाही म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालात सांगितलं की गप्प राहण्याचा हक्क कोर्टात उभं राहिल्यावर नव्हे, पोलिसांच्या चौकशीपासूनच सुरू होतो. आणि आरोपीने वकील मागितला तर तो येऊ द्यावा. पण पोलिसांनी वकिलाची वाट किती पाहायची, तर वाजवी वेळ. दिवसभर खोळंबून राहायचं बंधन त्यांच्यावर नाही.

एक जाणती राजकारणी बाई, तिला ठाण्यातल्या हक्कासाठी दिल्लीच्या कोर्टापर्यंत जावं लागलं. मग अंगठेबहाद्दर सालगड्याचं काय, हा विचार आपणच करायचा.

हा निकाल आणि आजचं कलम १८० एकत्र वाचलं तर अर्थ असा निघतो : पोलिसांच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची, पण ज्या उत्तराने आपण स्वतःच गुन्ह्यात अडकू ते द्यायला आपण बांधील नाही. कोणता प्रश्न कोणत्या जातीचा, हे सामान्य माणसाला कळत नाही. तेवढ्यासाठीच वकील हवा.

अमेरिकेत १९६६ च्या मिरांडा निकालापासून, ताब्यातल्या माणसाला प्रश्न विचारण्यापूर्वी वकिलाचा हक्क सांगावाच लागतो. मुंबई हल्ल्यातल्या अजमल कसाबच्या अपिलात हाच मुद्दा निघाला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की आपली पद्धत वेगळी आहे. सरकारी खर्चाने वकील देण्याची जबाबदारी आरोपीला पहिल्यांदा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आणतात तेव्हापासून सुरू होते, आणि तसं आरोपीला सांगणं हे न्यायदंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. याचा व्यवहारातला अर्थ ध्यानात घ्या. त्याआधीच्या तासांत वकील हवा असेल तर आपल्यालाच हालचाल केली पाहिजे.

कबुली, जबाब आणि कोरा कागद

पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा होत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यात तसं होतं, आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. पण त्याला एक फट आहे. ताब्यातल्या माणसाने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरती माहिती पुराव्यात येते. "केबल नाल्याच्या कडेला पुरली आहे, दाखवतो" असं म्हटल्याचा निवेदन पंचनामा होतो, आणि केबल निघाली की प्रकरण फिरतं. माहिती खरंच त्याने दिली की त्याच्या तोंडी घातली, हा वाद मग वर्षानुवर्षं चालतो.

दुसरं, तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं. फिर्याद आणि पंचनामा यांवर सही असते, जबाबावर नाही. कोऱ्या कागदावर तर सही किंवा अंगठा कधीच देऊ नये. आपण सातबाऱ्याच्या कामात कोऱ्या कागदावर अंगठा देत नाही, मग इथे का द्यावा?

वकील काय करतो, असं विचारतात. तो आरोपीला अंगावर काही मार आहे का ते पाहतो. अटकेची वेळ खरी लिहिली आहे का ते तपासतो. काय बोलायचं बंधन आहे आणि काय नाही ते सांगतो. आणि वकील येऊन गेला, एवढ्यानेच आतल्यांना कळतं की या माणसाला विचारणारं कोणीतरी आहे. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं. ते उघड करायला वकिलाला भाग पाडता येत नाही.

वकिलाला पैसे कुठून आणायचे?

हा प्रश्न शंभरातल्या नव्वद घरांचा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या कोणालाही फुकट वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही, जातीची नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि अपंग यांनाही उत्पन्न न पाहता ही मदत आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १५१०० हा देशभराचा मदतीचा फोन क्रमांक आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१९ मध्ये आखलेल्या योजनेत तर अटकेपूर्वी ठाण्यात बोलावलेल्या संशयितालाही वकिलाची मदत देण्याची तरतूद आहे.

यामागे महाराष्ट्राचाच एक खटला आहे. मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांचे हाल पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवले. १९८३ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावं, म्हणजे वकिलाची सोय लगेच होईल. आदेश जुना आहे. त्याची आठवण करून द्यायला मात्र आपण गेलं पाहिजे.

पोलीस पाटील, सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासाठी

गावातला माणूस ठाण्यात गेला की घरचे पहिल्यांदा आपल्याकडे येतात. तेव्हा "मी बोलतो साहेबांशी, मिटवून टाकू" हे वाक्य सोपं वाटतं. त्याऐवजी पुढच्या गोष्टी कराव्यात.

१. अटकेची खात्री करा. कलम ३६ प्रमाणे अटकेचा पंचनामा जागेवरच करायचा असतो. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची साक्षीदार म्हणून सही लागते. ही सही बऱ्याचदा आपलीच असते. तारीख आणि वेळ वाचल्याशिवाय ती करू नका. वेळ चुकीची असेल तर २४ तासांचं गणितच चुकतं.

२. अटकेची कारणं लेखी मागा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणं अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, पण न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. वकिलाला बाजू मांडायला तोच कागद लागतो.

३. नाव फलकावर आहे का पाहा. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप दर्शनी भागात लावायचं असतं, आणि त्या माहितीसाठी सहायक फौजदाराच्या दर्जाचा तरी अधिकारी नेमलेला असतो. त्याचं नाव विचारून घ्या.

४. वकिलाला भेटू द्यावं असा साधा अर्ज लिहून द्या आणि त्याची पोच घ्या. दोन ओळी पुरतात : अमुक माणसाला अमुक वेळी ताब्यात घेतलं आहे, कलम ३८ प्रमाणे त्याला वकिलाला भेटायचं आहे. तोंडी मागणी हवेत विरते, पोच राहते.

५. वैद्यकीय तपासणी झाली का विचारा. कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर ती लवकरात लवकर व्हायला हवी.

६. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादाची वेळ आली तर महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस ६० वर्षांवरचा किंवा अधू असेल, तर उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय अटक नाही.

७. "माझ्यापाशी खरं सांग" असं म्हणताना जपून. पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही, पण ताब्यात नसताना सरपंचापाशी किंवा शेजाऱ्यापाशी दिलेली कबुली पुराव्यात येऊ शकते. न्यायालय ती फार पारखून घेतं, तरी ती येते. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडली आणि त्यात माणूस दगावला, की घाबरलेला शेतकरी गावभर सांगत सुटतो. त्याला धीर द्या, दगावलेल्याच्या घरच्यांकडे लक्ष द्या, पोलिसांना वर्दी द्या, आणि त्या शेतकऱ्याला वकिलाकडे पाठवा. जबाब तुम्ही घेऊ नका. उद्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायची पाळी तुमच्यावर येते.

८. आमच्या खात्यातल्या, महसूल आणि ग्रामपंचायतीतल्या कर्मचाऱ्यांना पंच म्हणून नेहमी बोलावलं जातं. जे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं, त्याचाच पंचनामा. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता कलम १०५ प्रमाणे करावं लागतं. ठाण्यात तयार लिहून ठेवलेल्या कागदावर सही म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्यावर सही.

पोलिसांची बाजू

पोलीस म्हणतात, वकील आला की माणूस तोंड उघडत नाही, आणि ज्याची मोटर गेली तो शेतकरी आमच्याच नावाने बोटं मोडतो. यात तथ्य आहे. चोरी झालेल्यालाही न्याय हवा असतो, आणि एका ठाण्याच्या हद्दीत कितीतरी गावं असतात. कायद्याने म्हणूनच मधला मार्ग धरला : वकील भेटेल, पण सगळा वेळ बसणार नाही. तो मधला मार्ग तरी पाळला गेला पाहिजे. दमदाटीने काढलेली कबुली कोर्टात टिकत नाही, खटला पडतो, खरा चोर मोकळा राहतो आणि दुसऱ्या हंगामात पुन्हा मोटर जाते. प्रामाणिक अधिकाऱ्याला वकिलाची भीती बाळगायचं कारण नाही.

पहिल्या रिमांडनंतरही ढिलाई नको

एकदा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं की काम संपलं, असं समजू नये. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच मागता येई. नव्या संहितेच्या कलम १८७ प्रमाणे हे १५ दिवस गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. म्हणजे न्यायालयीन कोठडीत गेलेला माणूस पुन्हा ठाण्यात चौकशीला येऊ शकतो. प्रत्येक वेळी वकिलाला भेटण्याचा हक्क त्याच्यासोबत येतो. न्यायदंडाधिकाऱ्याने "काही तक्रार आहे का?" असं विचारलं तर मान खाली घालून "नाही" म्हणू नये. मारहाण झाली असेल तर ती सांगायची जागा तीच.

शेतकरी बंधूंनो, औषध फवारायची वेळ चुकली की पुढे कितीही महाग औषध आणलं तरी गेलेलं पीक परत येत नाही. इथेही तसंच आहे. कोर्टात मोठा वकील उभा करायला पुढे जमीन गहाण टाकण्यापेक्षा पहिल्या दिवशी तालुक्याच्या विधी सेवा समितीत एक माणूस पाठवणं स्वस्त पडतं. येत्या ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय वाचून दाखवावा. १५१०० हा क्रमांक, तालुका विधी सेवा समितीचा पत्ता आणि "नोटीस द्या, अटकेचा कागद द्या, वकील भेटू द्या" ही तीन वाक्यं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रंगवून घ्यावीत. खर्च एका रंगाच्या डब्याचा आहे.